अंगणातले तळे आणि बागेचे पाणी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत तळ्याविषयीचे प्रश्न अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी पाण्याच्या टंचाईची काळजी आहे. तळ्याचे पाणी आणि बागेचे पाणी यांचा हिशेब वेगवेगळा न ठेवता एकत्रच मांडावा, असे माझे ठाम मत असल्यामुळे पुढील उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या अंगणात २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे, प्लास्टिकचे अस्तर घातलेले तळे आहे. उन्हाळ्यात त्याची पातळी रोज खाली जाते. अस्तर फाटले आहे की पाण्याची नुसती वाफ होते, हे कसे ओळखावे? शिवाय पाणी इतके कमी असताना तळे ठेवणे योग्य आहे का?

उत्तर : आधी आकडा पाहू. १ चौरस मीटर पृष्ठभागावरील पाणी १ मिलिमीटरने उतरले, की १ लिटर पाणी गेले असे समजावे. आपल्या तळ्याचा पृष्ठभाग ४ चौरस मीटर आहे. कडक उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पातळी दिवसाला ६ मिलिमीटर उतरणे अस्वाभाविक नाही, म्हणजे केवळ वाफेवाटे रोज २४ लिटर पाणी जाऊ शकते.

गळतीची शंका फेडण्यासाठी एक बादली तळ्याच्याच पाण्याने भरून ती तळ्यात दगडांवर अशी ठेवावी, की तिचा काठ पाण्याबाहेर राहील आणि आतले व बाहेरचे पाणी साधारण एकाच उंचीवर असेल. दोन्हीकडे खूण करावी, कारंजे बंद ठेवावे आणि पावसाची शक्यता नसलेले दोन-तीन दिवस पाहावे. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली, तर गळती नाही. तळ्याची पातळी बादलीपेक्षा बरीच अधिक उतरली, तर वरून पाणी घालणे थांबवावे आणि पातळी कुठे येऊन स्थिरावते ते पाहावे, कारण छिद्र बहुधा त्याच रेषेवर सापडते. मासे असतील तर मात्र पाणी फार खाली जाऊ न देता त्यांना आधी दुसऱ्या भांड्यात हलवावे. हे सर्व करण्यापूर्वी काठ नीट तपासावा. अस्तराची कड कुठे दबलेली असेल, किंवा काठावरची माती वा गवताची मुळे थेट पाण्याला टेकलेली असतील, तर माती ते पाणी सतत शोषून घेते आणि आपण उगाच छिद्र शोधत राहतो.

तळे ठेवावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला एक अट आहे. नियमित पाणी दिलेली तेवढ्याच क्षेत्राची हिरवळ उन्हाळ्यात तळ्याहून थोडेच कमी पाणी हवेत सोडते, त्यामुळे हिरवळीचा एक तुकडा काढून तिथे तळे केले तर पाण्याची उधळपट्टी झाली असे म्हणता येत नाही. अट ही, की तळे शक्यतो छपराच्या पाण्यावर भरावे. ४० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी पडते; छपरात मुरणारे, उडणारे आणि सोडून द्यावे लागणारे पाणी वजा केले, तरी सुमारे ८०० लिटर हाती लागते. मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या सरीचे पाणी मात्र तळ्यात घेऊ नये, कारण छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातूनच येते. पन्हळीच्या नळीला बाजूला वळवता येणारे तोंड ठेवले, की हे काम सोपे होते. तळे भरून वाहू लागले, की ते पाणी रस्त्यावर न जाता झाडांच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात मुरेल, असा उतार आरंभीच काढून ठेवावा. दुपारची सावली आणि वाऱ्याच्या दिशेला लावलेले कुंपण यांनी वाफ बरीच कमी होते. पानगळ होणारे मोठे झाड मात्र अगदी तळ्यावर नसावे, कारण तळाशी कुजणारी पाने पाण्यातला प्राणवायू खातात.

प्रश्न : तळ्याचे पाणी आठवड्याभरात हिरवेगार होते. सगळे पाणी बदलले तरी पुन्हा तेच होते. पहाटे मासेही पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात.

उत्तर : सगळे पाणी बदलणे कृपया थांबवावे. हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि त्याला ऊन व नत्र-स्फुरदासारखी पोषकद्रव्ये एवढेच लागते. ती पोषकद्रव्ये गाळात, उरलेल्या माशांच्या खाद्यात आणि कित्येकदा नव्याने भरलेल्या पाण्यातही असतात. पाणी बदलल्याने माशांच्या विष्ठेतील विषारी अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंची बसलेली घडी मात्र विस्कटते, आणि ती पुन्हा बसायला काही आठवडे लागतात.

पृष्ठभागाचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग कुमुदिनीसारख्या वनस्पतींच्या पानांनी झाकला जाऊ द्यावा, पाण्याखाली वाढणाऱ्या पाणवनस्पती लावाव्यात आणि मासे काही मिनिटांत संपवतील तेवढेच खाद्य टाकावे. कुमुदिनीच्या कुंडीत खतमिश्रित हलकी माती न वापरता चिकण माती भरून वर खडीचा थर द्यावा. सेंद्रिय खत पाण्यात कुजते आणि शेवाळालाच पोसते. जलपर्णी लावण्याचा मोह टाळावा. ती पोषकद्रव्ये शोषते हे खरे, पण अनुकूल हवेत दोन आठवड्यांच्या आसपास दुपटीने पसरते, आणि एखादे रोप ओढ्यानाल्यात गेले तर तिथले सारे जीवन गुदमरते.

पहाटेची माशांची तडफड हे प्राणवायू कमी पडल्याचे लक्षण आहे. वनस्पती आणि शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री तेही तो वापरतात, म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. त्यातच कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्यात पंप दिवसा शोभेसाठी चालवण्याऐवजी रात्री चालवावा. वाफही कमी होते. तळाचे पाणी आठवड्याला दहावा हिस्सा एवढेच काढून झाडांना घालावे, त्यातील नत्र झाडांच्या उपयोगी पडते. बदली पाणी नळाचे असेल तर ते उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून क्लोरिन उडू द्यावा. पाण्यात क्लोरामाइन (जंतुनाशक म्हणून घातले जाणारे क्लोरिन व अमोनियाचे संयुग) असेल तर ते असे उडत नाही. त्यासाठी माशांच्या टाक्यांकरिता मिळणारे औषध वापरावे लागते.

प्रश्न : तळ्यामुळे डास होतात, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे.

उत्तर : शेजाऱ्यांची काळजी रास्त आहे, पण मासे, चतुरांच्या अळ्या आणि बेडूक असलेल्या तळ्यात डासांच्या अळ्या सहसा वाचत नाहीत. धोका असतो तो कुंड्यांखालच्या बशा, उघडी पिंपे आणि तुंबलेल्या पन्हळी यांत. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून अशी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करावीत आणि आतून घासावीत. घासणे महत्त्वाचे, कारण एडिस डासाची भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. पावसाचे पाणी साठवण्याच्या पिंपाला बारीक जाळी बसवावी. गप्पी मासे तळ्यात उपयोगी आहेत, पण ते नदीत किंवा नैसर्गिक तळ्यात कधीही सोडू नयेत.

प्रश्न : उन्हाळ्यात कुंड्यांना दिवसातून किती वेळा पाणी द्यावे?

उत्तर : वेळा ठरवू नयेत. बोट दोन पेरे मातीत घालावे आणि ओल लागली नाही तरच पाणी द्यावे, तेही सकाळी आणि तळाच्या छिद्रातून थोडे पाझरेपर्यंत. वाफ्यांवर ५ ते ८ सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन पसरावे, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नये. काही दिवस बाहेर जायचे असल्यास चकाकी न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून, वर झाकण ठेवावे. माती कोरडी होईल तसे ते पाझरते. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्येही ही रीत ठाऊक होती.

प्रश्न : कपडे धुतलेले पाणी बागेला चालेल का?

उत्तर : शेवटच्या खळबळण्याचे पाणी चालेल, साबणाचे पहिले पाणी नको. धुण्याच्या पावडरीतील सोडियम मातीत साठत गेले, की तिची कणरचना मोडते आणि पाणी मुरेनासे होते. बोरॉन असलेली पावडर तर झाडांना थेट अपाय करते. असे पाणी एक दिवसाहून अधिक साठवू नये, पानांवर शिंपडू नये आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये. मोठ्या झाडांच्या आळ्यांत ते आलटून पालटून घालावे, आणि पावसाळ्यात ही आळी स्वच्छ पाण्याने पूर्ण भिजू द्यावीत, म्हणजे साठलेले क्षार मुळांच्या खाली उतरतात. तळ्यात मात्र हे पाणी थेंबभरही जाऊ देऊ नये. साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो.