साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार एका पुस्तकाला मिळतो की लेखकाच्या सगळ्या कामाला?

दोन्ही प्रकारे मिळाला आहे, म्हणूनच गोंधळ होतो.

हा पुरस्कार 2010 पासून दिला जातो. अकादमीने मान्यता दिलेल्या 24 भाषांसाठी तो असतो. 50 हजार रुपये आणि ताम्रपट असं त्याचं स्वरूप. मराठीतला पहिला अनिल अवचटांना, ‘सृष्टीत.. गोष्टीत’ या पुस्तकासाठी. पुढच्याच वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. (टीव्हीवरचा अभिनेताच ओळखीचा असलेल्यांना याचं तेव्हा भारी नवल वाटलं असणार.) म्हणजे हे दोन्ही पुस्तकाला.

पण 2014 ला माधुरी पुरंदरे आणि 2018 ला रत्नाकर मतकरी यांना तो बालसाहित्यातल्या एकूण योगदानासाठी मिळाला. मला हे जास्त पटतं. पुरंदरे गोष्ट लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यातलं एकच पुस्तक उचलून ‘हे बघा’ म्हणणं अवघड. मतकरींचं तर अर्धं काम रंगमंचावरचं. ‘अलबत्या गलबत्या’ पुस्तकात वाचण्यापेक्षा नाट्यगृहात पोरांच्या आरडाओरड्यात बघायची गोष्ट आहे.

अलीकडे मात्र नाव बहुधा विशिष्ट पुस्तकाचंच दिसतं, उदाहरणार्थ 2022 चं संगीता बर्वे यांचं ‘पियूची वही’.

आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्काराशी याची गल्लत करू नका. तो दर दोन वर्षांनी, एक लेखकाला आणि एक चित्रकाराला, आणि आयुष्यभराच्या कामासाठी असतो.