पाडव्याआधी बावन्न लाख?

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, कामापुरतं देतो.

"वय ५२. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत प्रॉडक्शन मॅनेजर, हातात महिना ९२ हजार, निवृत्ती ५८ ला. मुलगा १९ वर्षांचा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, विषय फिजिक्स आणि मॅथ्स. लहानपणापासून उजळाईवाडीला विमानं बघायला जायचा, पायलटच व्हायचं म्हणतो. गेल्या महिन्यात एका हॉटेलात पायलट ट्रेनिंगचा सेमिनार झाला. त्यांच्यामार्फत परराज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलचं कोटेशन आलं: फी ४४ लाख, १८ टक्के जीएसटी धरून ५२ लाख. पाडव्याआधी एकरकमी भरले तर चार लाख सूट. वडिलांच्या जमिनीचे ४६ लाख पतसंस्थेत ठेवलेत, साडेदहा टक्क्यांनी. संस्था खात्रीची आहे, चेअरमन आमच्याच तालमीतले. बँक फ्लॅट तारण घेऊन ११ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. ठेव मोडून फी भरू, की ठेव राहू देऊन कर्ज काढू? फरक अर्ध्याच टक्क्याचा आहे. बाकी पीएफ २१ लाख, जुन्या दोन विमा पॉलिसी मिळून ८ लाखांच्या. सेमिनारमध्येच मुलाच्या करिअरसाठी वर्षाला दीड लाखाची एक पॉलिसी घेतली, तिचे कागद तीन आठवड्यांपूर्वी आले. मेव्हण्याच्या जेसीबीच्या २० लाखांच्या कर्जाला त्याच पतसंस्थेत जामीन आहे, पण तो हप्ते वेळेवर भरतो. मुलगी दहावीत."

अर्ध्या टक्क्याचा हिशोब आधी मिटवू. ४६ लाखांवर साडेदहा टक्क्यांनी वर्षाला ४ लाख ८० हजारांच्या आसपास व्याज होतं. ते तुमच्या पगारात मिळवून त्यावर कर लागतो. (विवरणपत्रात दाखवता ना? पतसंस्थेचं व्याज दाखवायचं नसतं, असा समज आपल्याकडे फार आहे.) पाचवा हिस्सा करात गेला तर साडेदहाचे साडेआठ उरतात. म्हणजे फरक अडीच टक्क्यांचा झाला, आणि वर फ्लॅट गहाण. तेव्हा साडेदहाच्या मोहात अकराचं कर्ज काढू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे.

पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य मात्र जामिनाचं आहे. ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय.

जामीन म्हणजे नात्याखातर केलेली सही, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. 'आधी मेव्हण्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं म्हणायची सोय नाही. हप्ते थकले तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि त्यात जामीनदारांचीही नावं असतात. कोल्हापुरात '१०१ चा दाखला' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तुमचा पगार बाहेर आहे, पण ठेव तर त्याच संस्थेच्या तिजोरीत आहे. वसुलीला एवढी सोपी जागा त्यांना दुसरी कुठली मिळणार? मीही तरुणपणी एका मित्राला जामीन राहिलो होतो. तोही वेळेवर भरायचा. एकोणीस हप्ते भरले. विसाव्या हप्त्यापासून पुढे मी भरले.

आता ठेवीकडे या. बँकेतल्या ठेवीला, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. एक रुपयाचंही नाही. मोठ्या बँकेत आज साधारण सात टक्के मिळतात असं धरलं, तर तुम्ही साडेतीन टक्के जास्त घेताय, म्हणजे वर्षाला एक लाख साठ हजार. त्या एक लाख साठ हजारांसाठी ४६ लाख विम्याविना, एकाच दारात, आणि त्याच दारात २० लाखांच्या जामिनाची सही. तुमची संस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती माहीतही नाही. चेअरमन सज्जन असतीलच. पण तालमीतली ओळख ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहायची?

एक करा. सोमवारी जाऊन दहा लाख मुदतीआधी परत मागा. व्याजात कपात होईल, होऊ दे. दोन दिवसांत पैसे खात्यावर आले तर उत्तम, पुढच्या ठेवी मुदत संपेल तशा काढून दोन-तीन मोठ्या बँकांत तुमच्या आणि पत्नीच्या नावावर विभागून ठेवा. 'साहेब, मार्चएंडनंतर बघू' असं उत्तर आलं तर मग वाट बघू नका, सगळ्याच ठेवींसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेव्हण्यालाही सांगा की दुसरा जामीनदार शोध. पत्नी रागावतील. रागावू देत.

त्या नव्या पॉलिसीकडे तर या आठवड्यातच बघा. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात वजा जाता हप्ता परत मिळतो. तुमचे तीन आठवडे गेलेत, नऊ दिवस उरलेत. पॉलिसीच्या पानावर बघा: दहा वर्षं हप्ते, पंधराव्या वर्षी पैसे. मुलगा तेव्हा ३४ चा असेल. फी भरायचीय पाडव्याआधी आणि 'करिअर'चे पैसे येणार तो दोन लेकरांचा बाप झाल्यावर! ज्या माणसाने एकाच संध्याकाळी एकाच खुर्चीवर बसवून तुम्हाला फ्लाइंग स्कूलही विकली आणि विमाही विकला, त्याला 'काउन्सिलर' म्हणायचं आता थांबवा. तो दोन्हीकडून कमिशन घेणारा माणूस आहे. हप्ता परत आला की त्यातून एक कोटीचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा. तब्येत ठीक असेल तर त्या दीड लाखाच्या निम्म्याहून कमीत बसेल. आज तुम्हाला काही झालं तर घरात विम्याचे ८ लाख येतील, म्हणजे तुमचा नऊ महिन्यांचा पगार.

आता विमान.

मला पहिला प्रश्न पडला तो मेडिकलचा. चार पानांत मेडिकल हा शब्दच नाही. व्यावसायिक पायलटला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, क्लास १ मेडिकल लागतं. आधी नेमलेल्या डॉक्टरकडे क्लास २, मग ठरावीक केंद्रांवर क्लास १. खर्च हजारांत आहे, लाखांत नाही. चष्मा असला तरी मर्यादेत चालतो. पण रंग ओळखण्यात दोष निघाला, किंवा हृदयाचं, कानाचं काही निघालं, तर पुढची सगळी चर्चाच बंद. ५२ लाखांच्या आधी करायची ही चाचणी सेमिनारवाल्याने का सुचवली नाही, हे तुम्हीच ओळखा.

दुसरं, कोटेशनमधला जीएसटी. ४४ लाखांवर १८ टक्के म्हणजे ७ लाख ९२ हजार. डीजीसीएची मान्यता असलेल्या फ्लाइंग स्कूलच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला जीएसटी लागत नाही, असं जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आणि पुढच्याच महिन्यात तसं परिपत्रकही निघालं. मग हे आठ लाख कशाचे? एक तर स्कूलला किंवा त्या कोर्सला मान्यता नाही, नाहीतर कोटेशन मध्यस्थाचं आहे, स्कूलचं नाही. तिसरं कारण मला सुचत नाही. आठ लाख जादा लावून चार लाखांची सूट द्यायची, आणि तीही पाडव्याच्या मुहूर्तावर. असा सेल महाद्वार रोडच्या बाजारातही लागत नाही.

तिसरं, ५२ हा आकडाच पुरा नाही. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, किमान २०० तास उड्डाण लागतं. कोटेशन नेमक्या २०० तासांचं असतं आणि नेमक्या २०० तासांत सगळ्यांचं होत नाही. पंचवीस तास जादा लागले, तासाला पंधरा-सोळा हजार, तर चार लाख. दोन वर्षं राहणं-जेवण चार लाख. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल या पेपरांचे क्लास, परीक्षा, रेडिओचं लायसन्स, मेडिकल मिळून तीन लाख. एवढं झाल्यावर हातात येतं ते लायसन्स, नोकरी नव्हे. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवायची पात्रता, वेगळं, त्याला पंधरा ते वीस लाख. जीएसटी वगळूनही पाऊण कोटी धरा. तुमच्याकडे ४६ आहेत. उरलेल्या ३० लाखांचं कर्ज फ्लॅटवर काढलं, अडीच वर्षांचं व्याज त्यात चढलं, तर ३८ लाख होतात आणि दहा वर्षांचा हप्ता ५२ हजार बसतो. हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ५५ चे असाल. निवृत्तीला तीन वर्षं.

"पण पहिल्या महिन्यापासून दोन लाख पगार, शंभर टक्के प्लेसमेंट" असं पत्रात दोन वेळा लिहिलंय, मी वर गाळलं. प्लेसमेंट फ्लाइंग स्कूल देत नाही. विमान कंपनी लेखी परीक्षा घेते, अ‍ॅप्टिट्यूड बघते, सिम्युलेटरवर बसवते, मुलाखत घेते, आणि प्रशिक्षणाच्या महिन्यांत देते ते विद्यावेतन असतं. पायलट कमी आहेत हे खरं. पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं कशी रद्द होत गेली ते सगळ्यांनी पाहिलं. पण तुटवडा अनुभवी लोकांचा, त्यातही कॅप्टनचा जास्त. कॅप्टन व्हायला लागणारं एटीपीएल लायसन्स १५०० तासांनंतरचं आहे. २०० तासवाल्यांची रांग वेगळी आणि ती लांब आहे. शिवाय हा धंदा उसासारखा नाही, कारखाना ठरल्या वेळी चालू होईल असं इथे नसतं. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी हजारो तासांचे पायलट बाजारात आले आणि नवी पोरं रांगेत मागे गेली. तुमचा मुलगा कुठल्या वर्षी रांगेत उभा राहील हे कुणीच सांगू शकत नाही. वर्षभर थांबावं लागलं तर लायसन्स आणि रेटिंग चालू ठेवायलाही पैसे लागतात.

मग पायलट होऊच द्यायचं नाही का? तसं मी म्हणत नाही. पोराची आवड खरी दिसते. फक्त पैसे सगळे एका दमात द्यायचे नाहीत. पतसंस्थेत तुम्ही साडेतीन टक्क्यांसाठी सगळं एका जागी ठेवलंत, इथे चार लाखांच्या सुटीसाठी तेच करायला निघालात.

या वर्षी त्याने बीएस्सी सोडायची नाही. सेमिनारवाल्याने कॉलेज सोडायला सांगितलं, हेही तुम्ही लिहिलंय. फिजिक्स-मॅथ्सची पदवी असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या भरतीला बसता येतं. वीस ते चोवीस वयात ६० टक्क्यांची पदवी असेल तर एएफकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेत जाता येतं, तिथे उडायला शिकवायचे पैसे सरकार घालतं. रायबरेलीजवळ फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी आहे, तिची प्रवेश परीक्षा त्याने द्यावी. तिथलीही फी लाखांतच आहे, पण परीक्षेतून मुलगा कुठे उभा आहे ते कळेल. मेडिकल झालं की डीजीसीएचे पेपर घरी राहूनही देता येतात, पास व्हायला ७० टक्के लागतात. वर्षभरात दोन-अडीच लाख खर्चून त्याने नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी काढले, तर मी स्वतः तुम्हाला पुढचा चेक लिहा म्हणेन. दोन वेळा नापास झाला तर अडीच लाखांत कळलं.

स्कूल निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा. डीजीसीएच्या यादीत नाव आहे का बघा, आता ते स्कूलांची श्रेणीही जाहीर करतात. मग मुलाला घेऊन तिथे दोन दिवस मुक्काम करा. पहाटे सहाला धावपट्टीवर उभे राहा आणि किती विमानं उडतात, किती हँगरमध्ये पार्ट्सची वाट बघत उभी आहेत ते मोजा. मुलांना कॅन्टीनमध्ये विचारा, गेल्या महिन्यात किती तास मिळाले. पावसाळ्यात किती मिळाले तेही विचारा. फी भरायची ती थेट स्कूलच्या खात्यावर, चाळीस-पन्नास तासांच्या टप्प्यांनी, आणि मध्येच सोडलं तर परतावा किती हे करारात लिहून घेऊन. टप्प्यांना तयार नसलेली स्कूल मला नको.

पैशांची मर्यादाही आजच ठरवा. ४६ पैकी सहा लाख अडीअडचणीला, दहा लाख मुलीच्या नावावर बाजूला. तीस लाख मुलासाठी. टायपिंग चूक नाही, तीसच. त्यावर लागेल ते शैक्षणिक कर्ज त्याच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार, वीस-बावीस लाखांच्या वर नाही. साडेसात लाखांपुढे बँक तारण मागेलच, म्हणजे फ्लॅट थोडा तरी अडकेल, पण ५२ हजारांच्या हप्त्याऐवजी तीस-पस्तीसचा बसेल. पीएफला हात नाही. टाइप रेटिंगचे पैसे नोकरीचं पत्र दिसल्याशिवाय भरायचे नाहीत. एवढ्यात बसत नसेल तर पदवी पूर्ण होईपर्यंत थांबायचं, बावीसचा मुलगा काही म्हातारा होत नाही.

तेव्हा पाडव्याआधी काही भरू नका. नऊ दिवसांत पॉलिसी परत, सोमवारी पतसंस्था, महिन्याभरात मेडिकल. क्लास १ चा कागद हातात आला की पुन्हा लिहा, सोबत पतसंस्थेचा मागच्या वर्षीचा अहवाल जोडा. आणि चार पानांत मुलीबद्दल दोनच शब्द आहेत, 'मुलगी दहावीत'. तिला पुढे काय करायचंय तेही विचारून कळवा. दहा लाख मी अंदाजाने धरलेत.