तळटिपा तपासून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी पुण्यात बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची मुलंच आंतरराष्ट्रीय कायद्यावर एक जर्नल काढतात, त्याच्या संपादक मंडळात तिला घेतलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुसऱ्यांच्या लेखांतल्या तळटिपा तपासत बसते. छदाम मिळत नाही. त्यापेक्षा इथे कोर्टात वकिलाकडे बसली तर?
– एक पालक (हळदीचे अडते), सांगली

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण हे काम तिला सोडायला लावू नका.

आपल्या सांगलीत जन्मलेल्या, पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला घ्या. समजा, एका लेखात लिहिलंय, ‘परक्या नागरिकाला पकडलं की त्याच्या वकिलातीला तत्क्षणी कळवलंच पाहिजे’, आणि तळटिपेत वकिलातींबाबतच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६. मुलीने मूळ करार उघडायचा. तिथे आहे, त्या नागरिकाने तशी विनंती केली तर, आणि ‘विलंब न लावता’. म्हणजे अट गाळली, शब्दही बदलला! आता ‘विलंब न लावता’चा अर्थ अटक होताक्षणीच असा होतोच असं नाही, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४मध्ये मेक्सिको-अमेरिका खटल्यात सांगितलं. जाधवांच्या अटकेनंतर मात्र पाकिस्तानने भारताला सुमारे तीन आठवड्यांनी कळवलं, आणि त्याच न्यायालयात तो करारभंगच ठरला, १७ जुलै २०१९ रोजी. एका ओळीसाठी तीन मूळ कागद वाचावे लागले. सौद्यात तुम्ही पोत्यातलं हळकुंड मोडून आतला रंग बघता ना, तसंच हे.

विद्यार्थ्यांनीच कायद्याचं जर्नल चालवायची ही रीत मूळ अमेरिकेतली. हार्वर्डचं लॉ रिव्ह्यू १८८७पासून विद्यार्थीच चालवतात. आपल्याकडे बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्येही मुलं जर्नलं काढतात.

यातून थेट नोकरी लागत नाही, हे स्पष्टच सांगतो. निव्वळ आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जागा मोजक्या आहेत. परराष्ट्र खात्याचा विधी व करार विभाग, लवादाचं काम करणाऱ्या फर्म, नाहीतर एलएलएम करून अध्यापन. पण उच्च न्यायालयात रिट याचिका लिहितानाही हीच सवय लागते. निवाडा मूळातून न वाचता दाखला दिलेला न्यायमूर्तींनी पकडला, की वकिलाची पत तिथेच जाते.

दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. लेख छापायला लेखकांकडून पैसे घेतात का? घेत असतील तर तिने तिथून बाहेर पडावं. आणि परीक्षेच्या महिन्यात काम थांबवतात का?

कोर्टाचं म्हणाल तर मे महिन्याच्या सुट्टीआधी दोन आठवडे तिला सांगलीच्या जिल्हा न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे जरूर बसवा. उलटतपासणी जर्नलमध्ये शिकायला मिळत नाही.