दादाच्या नावाचा चषक, पण त्याआधी धाकट्याचा इको

प्रश्न : ताई, माझा दादा 26 वर्षांचा होता. सकाळी डेअरीवर नोकरी, संध्याकाळी कबड्डी. संघाचा डावा कोपरा तोच सांभाळायचा. माझी कॉलेजची फी आणि आजीची औषधं त्याच्याच पगारातून व्हायची. गेल्या मार्चमध्ये सराव चालू असताना तो कोणाचा धक्काही न लागता कोसळला. शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाचा स्नायू जाड झाला होता असं लिहिलंय. आता वर्षश्राद्धाच्या दिवशी पप्पांना त्याच्या नावाने 16 संघांची स्पर्धा भरवायचीय, त्यासाठी ते पतसंस्थेतून तीन लाख उचलणार आहेत. आईला शिट्टीचा आवाजसुद्धा सहन होत नाही. मंडळाची पोरं 16 वर्षांच्या धाकट्याला दादाची जर्सी घालून उतरवणार आहेत. मी कोणाच्या बाजूने बोलू? – सांगली जिल्ह्यातली एक बहीण

उत्तर : स्पर्धेचं नंतर बघू. तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू घाईत लिहून पुढे गेलीस, मला मात्र तिथून हलता येईना. हृदयाचा स्नायू असा जाड होण्याचं एक मोठं कारण आनुवंशिक असतं, डॉक्टर त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात. दादाला तेच असेल, तर सख्ख्या भावंडांमध्येही तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून अहवालाची प्रत घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे जा. तुझा, धाकट्याचा आणि आई-पप्पांचा, चौघांचाही ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. नुसत्या ईसीजीवर भागवू नका. डॉक्टर खेळायला हो म्हणेपर्यंत धाकट्याने मैदानात उतरायचं नाही, सरावालाही नाही. पळताना चक्कर येते का, छातीत दुखतं का, धडधडतं का, हे त्याला एकट्याला गाठून विचार, कारण संघातून काढतील या भीतीने पोरं हे लपवतात. इको चांगला आला तरी या वयात विषय तिथे संपत नाही. स्नायू पुढेही जाड होऊ शकतो, तेव्हा दर एक-दोन वर्षांनी तपासणी करावी लागते.

जर्सीचा प्रश्न इथेच निकालात निघतो. ती घरात ठेवा. रिपोर्ट चांगले आले तर धाकट्याने स्वतःच्या नंबरवर खेळावं. मेलेल्या भावाची जागा त्याला सोळाव्या वर्षी भरायला लावणं मला तरी क्रूर वाटतं, मंडळाचा हेतू कितीही चांगला असला तरी.

आता पप्पा. त्यांना ‘खर्च नको’ म्हणू नकोस, कागद-पेन घेऊन शेजारी बस. 16 संघ बाद पद्धतीने खेळवले तर 15 सामने होतात. पुरुषांच्या सामन्यात 20-20 मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये 5 मिनिटांची विश्रांती असते, त्यात टाइमआउट आणि मैदान पुन्हा आखणं धरलं की तास जातो. म्हणजे एका मैदानावर 15 तास. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे तीन-चार संध्याकाळी तरी लागतीलच. संघात 12 खेळाडू धरले तर 192 जणांचं जेवण. कर्ज जातं ते मांडव, दिवे आणि जेवणावळीत, दादाच्या वाट्याला येतो एक फ्लेक्स. आणि त्या फ्लेक्सवर त्याच्यापेक्षा मोठे फोटो कोणाचे असतील, ते तुलाही ठाऊक आहे.

आठ संघ बोलवा. सात सामने होतात, पहिल्या संध्याकाळी चार आणि दुसऱ्या दिवशी तीन. मैदान 13 बाय 10 मीटरचं. माती खणून खडे वेचा, चाळा, पाणी मारा आणि रोलर फिरवा. कोरडी राहिली तर गुडघे सोलतात, जास्त भिजली तर चढाई करणाऱ्याचा पाय घसरून गुडघा पिरगळतो. रेषा फक्कीने आखा. कळीचा चुना वापरू नका, पकडीत तोंड जमिनीला घासलं की डोळ्यात जातो. गुणलेखकाचं टेबल आणि दिव्याचे खांब रेषेपासून लांब ठेवा, कारण झटापटीत खेळाडू बाहेर फेकला जातो. देणगी मंडळाच्या खात्यात, दोन सह्या आणि पावतीसकट. रोख कोणाच्याही खिशात नको.

एका गोष्टीत मात्र काटकसर नाही. स्पर्धेआधी प्रत्येक संघातल्या दोघांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून जीव वाचवायची पद्धत, शिकवून घ्या. धक्का न लागता खेळाडू कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर हृदय थांबलं असंच धरायचं. अधूनमधून लागणारी उचकीसारखी धाप म्हणजे श्वास नव्हे. लोक फसतात ते इथेच. मग कोणी पाणी पाजतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी तळवे चोळतो, शेवटी जीपमध्ये घालून पळवतात आणि वाटेत छाती दाबायला कोणी नसतं. एकाने 108 लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेला हात खोल दाबत नाही. शॉक देणारं एईडी यंत्र दोन दिवसांसाठी मिळतंय का, हे तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात विचारा.

उरलेल्या पैशाचं म्हणशील तर, कर्ज न काढता लाखभर जमले तर दादाच्या शाळेत कायम ठेव ठेवा. साडेसहा टक्के व्याज मिळालं तर वर्षाला 6,500 रुपये होतात. त्यात दोन-तीन गरजू पोरांचे बूट आणि नी-कॅप येतात. व्याज फक्त यासाठीच वापरायचं, हे शाळेकडून लेखी घ्या, नाहीतर मुख्याध्यापक बदलले की ठेव विसरली जाते. ते वाटप 15 जुलैला करता येईल. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस म्हणून तो कबड्डी दिन असतो. पावसामुळे मैदान मिळणार नाही, पण शाळेचा हॉल पुरतो. सीपीआरची उजळणीही त्याच दिवशी उरकेल.

राहिली आई. वर्षश्राद्धाचा दिवस तिचा. त्या दिवशी घरात फक्त विधी होऊ दे, सामने महिनाभराने ठेवा. तिला बक्षीस द्यायला स्टेजवर बोलावू नका, आणि मैदान घरापासून लांब, शिट्टी ऐकू येणार नाही अशा जागी घ्या.