हाताने घडवलेला कपडा खरा आहे हे ओळखायचं कसं? तुम्हाला असा कपडा पहिल्यांदा कधी भेटला?

तुम्ही म्हणता की छोट्या, स्वतंत्र डिझायनरांचे उठावदार पोताचे कपडे फोटोत सगळे सारखेच सुंदर दिसतात, मग त्यातलं खरं हातकाम कळायचं कसं? मला ते एका जॅकेटने शिकवलं, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगते.

एका लहानशा प्रदर्शनात ते टांगलेलं होतं. राखाडी रंग, आणि लांबून पाहिलं तर इस्त्री करायची राहून गेलीय असं वाटावं. जवळ गेले तेव्हा झाडाच्या सालीसारख्या बारीक सुरकुत्या दिसल्या आणि त्यांच्या मधून लोकरीचे केस डोकावत होते. "हात लावून बघू का?" असं विचारलं. ते बनवणारी बाई शेजारीच उभी होती. तिने जॅकेट खाली काढलं, उलटं केलं आणि आतली बाजू माझ्या हातात दिली. आत दाट, मऊ लोकर, बाहेर रेशीम. अस्तर नाही. बाही अंगाला जिथे जोडतात तिथे मी बोट फिरवत राहिले, पण शिवण सापडेना.

ते बनवायची रीत अशी: झिरझिरीत रेशमावर लोकरीचे पातळ थर पसरायचे, गरम साबणपाणी शिंपडायचं, आणि मग गुंडाळून लाटत, चोळत राहायचं, तासन्‌तास. लोकरीच्या केसावर अगदी सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की केस एकमेकांत सरकत जातात, अडकतात, आणि पुन्हा सुटत नाहीत. जाता जाता ते रेशमाच्या विणीतूनही आरपार घुसतात. लोकर आटते, पण रेशीम तसं आटत नाही. मग त्याला जागा पुरत नाही आणि ते मुडपून वर येतं. त्या सुरकुत्या अशा तयार झाल्या होत्या. शिवण नव्हती, कारण मध्ये प्लॅस्टिकचा साचा ठेवून पुढची आणि मागची बाजू एकसंधच केलेली. तिने सुरुवातीचा कागदी साचाही दाखवला. जॅकेट त्यावर पसरलं तर चहूबाजूंनी जवळजवळ वीतभर कागद उरला! किती आटेल याचा अंदाज आधीच बांधून तिने एवढा मोठा कपडा मांडला होता. ते बघून मी खरोखर हरखले.

कापडाचा पोत बदलून त्यातूनच कपड्याला रूप द्यायचं, हा विचार जुना आहे. स्पॅनिश डिझायनर मारियानो फॉर्च्युनी आणि त्याची पत्नी हेन्रिएट यांनी व्हेनिसमध्ये 1907 च्या सुमारास रेशमाचा बारीक चुण्यांचा डेल्फॉस गाऊन केला. तो दोरखंडासारखा पिळून ठेवत, आणि चुण्या भिजून गेल्या तर त्या पुन्हा पाडून घ्यायला त्यांच्याकडेच पाठवावा लागे. जपानी डिझायनर इस्से मियाकेने 1993 मध्ये प्लीट्स प्लीज नावाचे चुण्यांचे कपडे आणले, त्यात कपडा अडीच-तीन पट मोठा शिवून मग त्याला उष्णतेने चुण्या दिल्या जातात. तो पॉलिएस्टरचा, म्हणून चुण्या धुतल्या तरी टिकतात. साध्या रेशमाकडून ही अपेक्षा करू नका.

आता ओळखायचं कसं? माझं मत ठाम आहे: आधी कपडा उलटा करा. साध्या शिलाई यंत्राच्या टाक्यात दोन धागे असतात आणि टाके मोजून मापून सारखे पडतात. हाताचा धावदोरा एकाच धाग्याचा, त्यात एखादा टाका लांब, एखादा आखूड, आणि सुरुवातीला-शेवटाला गाठ किंवा दुहेरी टाका दिसतो. भरतकाम असेल तर मागचे धागे बघा, ते एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे कसे गेलेत यावरून करणाऱ्याचा हात कळतो. मात्र वाकडा टाका म्हणजे हातकाम, असं धरून चालू नका. मुद्दाम ओबडधोबड केलेलं यंत्राचं कामही भरपूर असतं, आणि चांगल्या हाताचा टाका इतका एकसारखा असतो की फसायला होतं.

म्हणून बनवणाऱ्याला विचारा: हा पोत कशाने आला, आणि धुतल्यावर त्याचं काय होईल? ज्याने स्वतः केलंय तो दुसऱ्या प्रश्नावर भरभरून बोलतो, कारण त्याने एक-दोन नमुने धुऊन वाया घालवलेले असतात. फोटोवरूनच घ्यायचं असेल तर आतल्या बाजूचा आणि उजेड तिरपा पडलेला, असे दोन फोटो मागा. समोरून पडलेल्या उजेडात पोत सपाट होतो.

मी ते जॅकेट घेतलं. पहिल्या हिवाळ्यात काखेजवळ लोकरीचे गोळे आले. ते ओढायचे नाहीत, लहान कात्रीने वरच्यावर कापायचे, असं तिने आधीच सांगितलं होतं. धुवायचं झालं तर गार पाण्यात, न चोळता, आणि पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट वाळवायचं. हँगरला मी ते लावत नाही, खांदे ओघळतात. घडी घालून ठेवते, आणि घडी दरवेळी वेगळ्या ठिकाणी पाडते, म्हणजे एकाच रेषेवर सुरकुत्या बसत नाहीत.