पीएस२ ची जुनी गिटार आणि वीचे ड्रम पीएस३ ला, लॅपटॉपला लावायला घरी अडॅप्टर बनवता येतो का?

बनतो. मी दोन बनवले, त्यातला एक अजून चालतोय आणि दुसरा ड्रॉवरमध्ये पडलाय, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. तुम्ही लिहिलंय की माळ्यावरून प्लेस्टेशन २ ची वायरवाली गिटार हिरो ह्या गेमची गिटार निघाली, मावसभावाने निन्टेंडो वीचे ड्रम दिले, घरात पीएस३ आणि लॅपटॉप आहे, मित्राकडे एक्सबॉक्स ३६० आहे, तर एकाच अडॅप्टरवर सगळं सगळीकडे चालेल का. सगळं सगळीकडे नाही चालणार. पण गिटार लॅपटॉपला आणि पीएस३ ला एका रविवारात चालू होईल, ते आधी करा, ३६० चं नाव सध्या काढू नका.

सगळेजण विचाराची सुरुवात गिटारपासून करतात, मीपण तीच चूक केली. गिटार कुठलीही असूदे, आत शेवटी पाच बटणं, एक वर-खाली होणारी पट्टी आणि व्हॅमीचा (सूर थरथरवणाऱ्या दांडीचा) एक पोटेन्शियोमीटर (दांडी किती वळली ते कळवणारा भाग), मुख्य एवढंच असतं. खरा प्रश्न समोरच्या कन्सोलचा, तो कोणाला घरात घेतो आणि कोणाला दारातूनच परत पाठवतो.

माझी गोष्ट सांगतो. आमचा मामा शिपवर होता, त्याने एका सुट्टीत पीएस२ आणि ही गिटार आणलेली, पीएस२ ची लेन्स गेली आणि गिटार गोव्यात फोंड्याच्या घरी कपाटावर गेली. तीनेक वर्षांपूर्वी पावसात घरी बसून बसून कंटाळा आला तेव्हा म्हापशाहून पीएस२ ते यूएसबी असा तयार कन्व्हर्टर आणला, अडीचशे रुपयांचा, लॅपटॉपला लावला, क्लोन हीरो टाकलेलं होतं (फुकट आहे, पीसीवर हाच गेम घ्या), आणि काय बघतो तर मेन्यू आपोआप डावीकडे पळत सुटला, थांबेचना. मला वाटलं गिटार बिघडली, दोन दिवस ती खोलून बसलो. बिघडलं काहीच नव्हतं. पीएस२ ची गिटार ही कन्सोलच्या दृष्टीने साधा कंट्रोलरच, फरक एवढाच की तिने डी-पॅडचं (चार दिशांच्या बटणांचं) डावं बटण कायम दाबून धरलेलं असतं, गेमला त्याच्यावरूनच कळतं की समोर गिटार आहे. कन्व्हर्टर बिचारा जसं येईल तसं पुढे पाठवतो. हिरवं म्हणजे आर२, लाल म्हणजे गोल, पिवळं त्रिकोण, निळं फुली, नारिंगी चौकोन, आणि डावं बटण कायमचं दाबलेलं. म्हणून नुसता प्लग बदलून भागत नाही, मधे बसून भाषांतर करणारा कोणीतरी लागतो, तो म्हणजे तुमचा अडॅप्टर.

आता कन्सोलचं. लॅपटॉप कोणालाही घेतो, यूएसबीवर गेमपॅड म्हणून उभे राहिलात की झालं. पीएस३ फक्त नाव विचारतो, म्हणजे यूएसबीचा कंपनी नंबर आणि वस्तूचा नंबर बघतो, तुमच्या अडॅप्टरने "मी गिटार हिरोची पीएस३ वाली गिटार" असं ठोकून दिलं की तो मान डोलावतो, आधारकार्ड मागत नाही. एक्सबॉक्स ३६० आधारकार्डही मागतो आणि वर ओटीपीही, कारण अधिकृत कंट्रोलरच्या आत सुरक्षेची व्यवस्था असते, कन्सोल कोडं घालतो आणि बरोबर उत्तर आलं तरच बटणं ऐकतो. म्हणून पूर्वी लोक एखादा खरा वायरवाला ३६० कंट्रोलर उघडून त्याच्या बटणांच्या जागी गिटारच्या बटणांच्या वायरी सोल्डर करायचे, कोडं सोडवायचं काम त्या कंट्रोलरचं. पहिल्या खेपेला त्यात पडू नका. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन पण असेच कडक, तिथे रॉक बँड ४ (२०१५ चा, गिटार हिरोसारखाच वाद्यांचा गेम) साठी लोक जुनी वाद्यं लावतात पण पीएस४ ला पीएस३ ची वाद्यं त्यांच्या मूळ डाँगलसकट (डाँगल म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा वायरलेस रिसीव्हर), आणि एक्सबॉक्स वनवर ३६० ची वायरलेस वाद्यं लावायला वेगळा अधिकृत अडॅप्टर घ्यावा लागायचा.

सामान काय लागेल: रास्पबेरी पाय पिको एक (प्रोग्राम टाकता येणारा छोटा बोर्ड, २०२१ ला ४ डॉलरला आलेला, मला इथे चारशेच्या आसपास पडला), पीएस२ कंट्रोलरची एक्स्टेंशन केबल, एक हजार ओहमचे दोन रेझिस्टर, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न. केबलबद्दल एक हात जोडून विनंती, गिटारची मूळ वायर कापू नका. एक्स्टेंशन कापा, तिच्या ज्या टोकात गिटारचा प्लग घुसतो ते टोक ठेवा, दुसरं टाकून द्या. चुकलं तर शंभर-दीडशेची केबल जाईल, गिटार नाही जाणार, ती आता नवी मिळत नाही.

त्या प्लगला नऊ पिन असतात. पहिली डेटा, दुसरी कमांड, तिसरी कंट्रोलरच्या थरथरणाऱ्या मोटरची (तिच्यात साडेसात व्होल्टच्या आसपास असतात, गिटारला मोटर नसते, ही पिन मोकळीच सोडायची), चौथी ग्राउंड, पाचवी ३.३ व्होल्ट, सहावी अटेन्शन, सातवी क्लॉक, आठवी रिकामी, नववी अॅक्नॉलेज. वायरींच्या रंगावर जाऊ नका, नेटवर तपकिरी म्हणजे डेटा वगैरे तक्ते आहेत पण स्वस्त केबलमध्ये जे रंग हाताला लागले ते भरलेले असतात, माझ्या केबलमध्ये ग्राउंड पांढरी निघाली. मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक पिन तपासा, कागदावर लिहा, मगच सोल्डर. पिकोवर ३.३ व्होल्ट ३६ नंबरच्या पिनवर मिळतो आणि ग्राउंड ३८ वर. ४० नंबरला चुकूनसुद्धा जोडू नका, तिथे यूएसबीचे सरळ ५ व्होल्ट असतात.

ड्रॉवरमधला अडॅप्टर इथेच फसला. तो मी ५ व्होल्टवर चालणाऱ्या प्रो मायक्रो बोर्डवर केलेला, आणि गिटारचा सगळा कारभार ३.३ चा, मधे लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारा भाग) घालायचा असतो हे वाचलेलं पण आळस केला. गिटार वाचली हे नशीब. पिको मुळातच ३.३ चा असल्यामुळे ही भानगडच उरत नाही, म्हणून तो घ्या म्हणतोय.

पण पिकोवरही पहिल्या दिवशी नीट चालेना. कधी हिरवं दाबलं की हिरवं आणि निळं दोन्ही, कधी काहीच नाही, कधी हात न लावता सगळी बटणं एकदम. सोल्डर तीनदा केलं. शेवटी कळलं ते असं की गिटार डेटाची लाइन फक्त खाली ओढू शकते, वर नाही, वर न्यायचं काम कन्सोलच्या आतला रेझिस्टर करत असतो आणि माझ्या अडॅप्टरमध्ये तो नव्हताच, त्यामुळे लाइन अधांतरी लोंबकळत होती. एक हजार ओहमचा रेझिस्टर डेटा आणि ३.३ च्या मधे, आणि तसाच दुसरा अॅक्नॉलेजला, लावले आणि पुढच्या मिनिटाला गिटार शहाण्यासारखी वागायला लागली. तुम्हाला वाचून सोपं वाटेल, माझी त्यात अख्खी एकादशी गेली.

कोड स्वतः लिहायची हौस असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा: इथे दाबलेलं बटण म्हणजे ० आणि सोडलेलं म्हणजे १, आणि प्रत्येक बाइट उलट्या टोकाकडून, म्हणजे सगळ्यात लहान बिट आधी असा येतो, पिकोचं हार्डवेअर एसपीआय (बिट एकामागून एक घेणारा त्याच्यातला भाग) तसं उलटं वाचत नाही त्यामुळे बिट तुम्हालाच फिरवून घ्यावे लागतात. हौस नसेल तर सँट्रोलर नावाचं फुकट फर्मवेअर (बोर्डात टाकायचा तयार प्रोग्राम) आहे, ह्याच कामासाठी केलेलं, पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावली की पिको पेन ड्राइव्हसारखा दिसतो, फाइल टाकायची, मग त्यांच्या टूलमध्ये इकडून पीएस२ ची गिटार आणि तिकडून कुठलं कन्सोल ते निवडायचं. मी आधी स्वतःचं लिहिलं आणि मग गुपचूप हे टाकलं.

आता ड्रम. इथे तुम्ही अर्धीच माहिती दिलीय. वीचे ड्रम दोन जातीचे. गिटार हिरो वर्ल्ड टूरचा सेट असेल तर त्यात तीन पॅड आणि वर दोन झांजा, आणि तो वीच्या रिमोटच्या खालच्या खोबणीत जोडतात. रॉक बँडचा असेल तर चार पॅड आणि सोबत यूएसबी डाँगल. डाँगलवाला लॅपटॉपला नुसता लावून बघा, गेमपॅड म्हणून दिसेल, बटणं गेममध्ये नेमून घ्यायची, अडॅप्टर कशालाच नको. पीएस३ ला तोच लावायचा तर मात्र पिकोला यूएसबी होस्ट करावं लागतं (म्हणजे डाँगल पिकोला लावून पिकोनेच तो वाचायचा), ते वेगळं प्रकरण. खोबणीवाला असेल तर तुमचं काम गिटारपेक्षा सोपं, कारण तो प्लग म्हणजे सरळ आय-टू-सी (दोन वायरींवरून माहिती पाठवायची पद्धत): ३.३ व्होल्ट, ग्राउंड, डेटा, क्लॉक, चार वायरी. इथेही एक्स्टेंशन केबलच कापायची. डेटा पिकोच्या जीपी४ नावाच्या पिनला, क्लॉक जीपी५ ला, दोन्हींवर ३.३ कडे रेझिस्टर, दोन ते पाच हजार ओहममधला कुठलाही चालतो. वीची गिटार पण ह्याच वाटेने येते, म्हणून एकदा हा अडॅप्टर झाला की पुढे कोणाकडून वीची गिटार मिळाली तर आयती लागेल.

ड्रमच्या पॅडखाली पिएझोची चकती असते, ठोका बसला की व्होल्टेज उडतं, जोरात मारलं तर जास्त. एका पॅडला मारलं आणि शेजारचा पण वाजला तर घाबरू नका, हादरा प्लास्टिकमधून पोचतो, सेटिंगमध्ये त्या पॅडची मर्यादा थोडी वर करा. ह्याच चकत्या सुट्ट्या फार स्वस्त मिळतात, त्यामुळे मला एका चवथीच्या आधी सुचलं की घुमटाला (मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं आपलं वाद्य) एक चिकटवून तो किक पेडलच्या (पायाने वाजवायच्या ड्रमच्या) जागी वापरावा, चकतीला समांतर दहा लाख ओहमचा रेझिस्टर, झालं. वाजला हो, मस्त वाजला, पण घुमटाचं चामडं पावसात सैल पडतं आणि दर अर्ध्या तासाला ठोक्याचा जोर बदलतो, आणि आईने बघितलं, "आरतीचं घुमट आहे ते, काढ आधी" म्हणाली, तिथे विषय संपला. मातीच्या मडक्याला गोंद लावल्याबद्दल पुढे दोन दिवस ऐकलं ते वेगळंच.

हे सगळं करण्याआधी मात्र गिटार उघडून साफ करा. आपल्याकडची हवा माहीत आहे ना, आम्ही फोंड्याला तरी जरा आत, तुम्ही मिरामारला म्हणजे खारा वारा थेट घरात. माझ्याकडे आलेल्या गिटारींमध्ये दहापैकी आठ दोष कॉन्टॅक्टवर चढलेल्या हिरव्या थराचे निघाले, इलेक्ट्रॉनिक्सचे नाही. बटणाच्या खालची काळी रबरी टिकली आणि बोर्डावरची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर हलक्या हाताने चालतो, सँडपेपर अजिबात नको. ज्या गिटारींची मान सुटी होते, २००७ च्या गिटार हिरो ३ ची लेस पॉल वगैरे, त्यांच्यात मानेच्या सांध्यातल्या पत्र्याच्या पट्ट्याच आधी जातात, हिरवं-लाल चालतं आणि बाकीची मधूनच गप्प. लोक त्याला अडॅप्टरचा दोष समजून कोड बदलत बसतात. गिटार वापरून झाली की सिलिका जेलची दोन पाकिटं टाकून पिशवीत बंद ठेवा, माळ्यावर उघडी नको.

आणि लॅगबद्दल. सूर आधी दिसतो नि मग लागतो असं वाटलं तर पहिला संशय अडॅप्टरवर घेऊ नका, तो यूएसबीवर सेकंदाला हजार वेळापर्यंत उत्तर देऊ शकतो. गुन्हेगार बहुतेक वेळा टीव्ही असतो. टीव्हीत गेम मोड चालू करा, मग गेमचं कॅलिब्रेशन (चित्र, आवाज आणि बटणांची वेळ जुळवणं) करा, ह्याच क्रमाने. मी उलटं केलं आणि भावाला दोन दिवस म्हणत राहिलो की तुझा तालच कच्चा आहे.

३६० चं मित्राला आत्ता काही कबूल करू नका. आधी ड्रमची वायर शेवटी कुठे जाते, रिमोटच्या खोबणीत की डाँगल आहे, आणि पॅड चार की तीन, एवढं बघून खाली लिहा, मग त्याप्रमाणे जोडणी सांगतो. आणि एक्स्टेंशन केबलच्या पिना तपासून झाल्या की तो कागद फोटो काढून टाका, सोल्डर करायच्या आधी, मी एकदा नजर घालतो.