बेव्हरिजवर लिहिताना

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

विल्यम बेव्हरिज या ब्रिटिश अर्थतज्ज्ञावरचा तुझा खर्डा काल रात्री एका बैठकीत वाचला. ‘बेव्हरिज हे कल्याणकारी राज्याचे जनक’ या पहिल्याच वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. राग मानू नकोस. आजारपणाचा सक्तीचा विमा जर्मनीत १८८३ साली आला, ब्रिटनमध्ये तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्जने १९११ साली आणला. मग बेव्हरिजने नवं काय केलं, ते शोध.

सुरुवात उंबऱ्यापासून कर. १९३१ नंतर ब्रिटनमध्ये बेकारभत्ता लांबला की घरी तपासनीस येई. विकण्याजोगं काय आहे ते पाही. मुलगी कमावती असली तर तिची मजुरी मोजून बापाचा भत्ता कापला जाई. त्यापायी कमावती पोरं घर सोडून जात. हे सगळं डोळ्यांपुढे ठेव आणि मग बेव्हरिजचा डिसेंबर १९४२चा सामाजिक विम्यावरचा अहवाल उघड. दर आठवड्याला विम्याच्या कार्डावर वर्गणीचं तिकीट चिकटवायचं. काम सुटलं, आजारपण आलं, म्हातारपण आलं, की ठरलेली रक्कम हक्काने मिळणार. त्या रकमेपुरता तरी तपासनीस घरात येणार नव्हता! मला आजही हे पान वाचताना भरून येतं.

यात अर्थतज्ज्ञाचं काम कुठे दिसतं? हिशेबात. यॉर्क आणि इतर शहरांतल्या पाहण्यांवरून त्याने दाखवलं की तीन-चतुर्थांश ते पाच-षष्ठांश दारिद्र्य कमाई थांबल्यामुळे किंवा आटल्यामुळे येतं. उरलेलं जवळजवळ सगळं, कमाई कुटुंबाच्या आकाराला न पुरल्यामुळे. म्हणून विमा, आणि म्हणूनच मुलांसाठी भत्ता. ब्रिटिश अर्थखात्याचा विरोध कमी व्हावा म्हणून अर्थतज्ज्ञ केन्स त्याच्यासोबत आकड्यांना बसला आणि पूर्ण पेन्शन वीस वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. ही तडजोड तू दोन ओळींत उरकली आहेस. तिथे दोन पानं लिही.

विवाहित बाईला त्याने नवऱ्यावर अवलंबूनच धरलं, तेही झाकू नकोस.

बाबासाहेबांचा उल्लेख हवाच. ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी. करत होते तेव्हा बेव्हरिज तिथला संचालक होता. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना प्रा. आडारकरांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला आणि १९४८ साली ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, कायदा झाला. पण एकाने दुसऱ्याला घडवलं असं कागदाशिवाय लिहू नकोस. बाबासाहेबांचा विचार त्यांच्या स्वतःच्या वाटेने आलेला आहे.

माझे वडील गिरणीत होते. त्यांचं ईएसआयचं कार्ड आई तांदळाच्या डब्यावरच्या फळीवर, रेशनकार्डाच्या आत ठेवायची. त्यांना क्षय झाला तेव्हा तिने ते कार्ड काढलं आणि कुणापुढेही हात न पसरता दवाखान्यात गेली.

रविवारी ये. अहवालाची माझी प्रत काढून ठेवली आहे. समासातल्या खुणांकडे दुर्लक्ष कर, परिशिष्टं मात्र सोडू नकोस.

तुझे,
सर